ठेव मोडत नाही

डोकमर्डी, सिल्वासा
३ सप्टेंबर

सौ. नलिनी हिस,

पत्रास कारण, विळी.

जूनमध्ये तू चिपळूणला सुलभाताईंकडे गेलीस तेव्हा काय काय नेलंस याची यादी मी केली नाही. बाई बहिणीकडे जाते तेव्हा चार साड्या नेते, गोळ्या नेते, चष्म्याचं घर नेते. हे सगळं शास्त्राला धरून आहे. पण खवणीची विळी? ती तुझ्या आईनं लग्नात दिली हे मान्य. तरी सत्तावीस वर्षांत तिच्यावर खवलेल्या नारळांपैकी निम्मे मी खाल्ले आहेत, तेव्हा वहिवाटीनं निम्मी विळी माझी होते. आता निम्मी परत मागायची तर पातं मागावं की पाट, एवढंच ठरायचं आहे.

ती ओट्याखाली नाही. फडताळात नाही. जी वस्तू दिसायला हवी आणि दिसत नाही ती तिथे नाही असं समजावं, याला मीमांसक अनुपलब्धी म्हणतात. तू याला ‘तुम्ही नीट बघत नाही’ म्हणतेस. दोन्ही दर्शनांचा आदर राखून सांगतो, विळी तूच नेलीस.

परिणाम ऐक. गेल्या आठवड्यात गणपतीला मी सुक्या खोबऱ्याचे मोदक केले. मोद देतो तो मोदक, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. माझ्या मोदकांनी कोणालाच मोद दिला नाही. एक मी खाल्ला, एक समोरच्या नवनाथ वाण्याला दिला. तो म्हणाला, “सर, हे काय आहे?” मी म्हणालो, प्रसाद आहे. मग त्यानं डोळे मिटून खाल्ला.

याच नवनाथाकडे नवी विळी आहे. चारशे ऐंशी रुपये. रोज काउंटरवर ठेवतो आणि रोज मला दाखवतो. मी घेत नाही. त्याचं म्हणणं असं: “सर, या रस्त्यावर तुमच्यासारखी अजून चार घरं निघाली ना, तर मी शटर ओढून गावाला जाईन.” आधीच त्याचा धंदा निम्म्यावर आला आहे. राखोलीच्या बाजूला सूत-कारखान्यांत तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, काही ठिकाणी एक. माणसांना ‘ब्रेक’ देतात. म्हणजे काढलं म्हणत नाहीत, बोलावू तेव्हा या म्हणतात. ती माणसं नवनाथाकडे पाव किलो तेल सुटं मागतात. सरकार म्हणतं खर्च करा म्हणजे बाजार हलेल, वर्तमानपत्र म्हणतं सहा महिन्यांचं गाठीला ठेवा. मी वर्तमानपत्राचं ऐकलं, आणि नंतर वर्तमानपत्रही बंद केलं.

विळी न घेण्याचं कारण मात्र पैसे नव्हे. एका घरात दोन विळ्या असतात, ते चालतं. पण एक विळी चिपळूणला आणि एक डोकमर्डीला झाली, की ती दोन घरं होतात. तेव्हा तूर्त सुक्या खोबऱ्यावर भागतं.

हे पत्र संस्कृतच्या घटक चाचणीच्या पाठकोऱ्या कागदांवर आहे, उलट बाजूस आठवीच्या पोरांनी ‘देव’ शब्दाचे हाल केले आहेत, तेही वाच. फोन करू नका, असं तूच म्हणालीस. ‘फोनवर तुम्ही शब्द खाता, लिहा, लिहिताना तरी सगळं वाक्य येईल.’ तेव्हा लिहितो आहे. हल्ली दुपारी दोनलाच घरी असतो, वेळ बरा मिळतो.

विळीची वाट पाहणारा,
जयवंत


१९ सप्टेंबर

नलिनी,

माझ्या दोन पानांना तुझं उत्तर मोबाइलवर आलं. ‘विळी मी नेली नाही.’ चार शब्द. कर्म, कर्ता, क्रियापद, नकार, सगळं जागच्या जागी. त्यातला ‘मी’ कोणासाठी आहे ते मला कळलं.

तेव्हा आज विळी बाजूला ठेवतो. जाताना तू म्हणाली होतीस, ‘झालं ते एकदा सरळ लिहून काढा, आणि मला पाठवा.’ तीन महिने मी ते टाळलं. आता लिहितो. तुला सगळं ठाऊक आहेच. माझ्या अक्षरात तुला ते हवं आहे.

मे महिन्यात तुमचा गलोंड्याचा कपड्यांचा कारखाना बंद झाला. तू तिथे नऊ वर्षं होतीस, आधी मशीनवर, मग चेकर. शेठनं सांगितलं, मशीन विकायची आहेत, पहिला हक्क आमच्याच बायकांना, नऊ हजाराला एक. तू, भिमाबाई आणि आणखी दोघी, चौघींनी मिळून ठरवलं: चार मशीन, एक खोली, शाळांचे गणवेश. मशीन, खोलीची अनामत, कापड, सगळं धरून तुला दीड लाख हवे होते. मी म्हणालो, अशा दिवसांत कोणी खर्च करतं का. तू म्हणालीस, “अहो, असे दिवस आहेत म्हणूनच तर नऊ हजाराला मिळतायत.” मग तू विचारलंस, “ठेवीतले काढायचे का?”

मी म्हणालो, “ठेव मोडत नाही गं.”

आता व्याकरण. मराठीत ‘मोडणे’ दोन्ही बाजूंनी चालतं. फांदी आपली आपण मोडते, आणि मी फांदी मोडतो, क्रियापद एकच. होकार असता तर ‘मोडतो’ की ‘मोडते’ यावरून पितळ उघडं पडलं असतं. नकारात सगळं झाकलं जातं. तू ऐकलंस की ठेव मोडता येत नाही, बँक मोडू देत नाही. माझ्या वाक्याचा अर्थ होता, मी मोडत नाही. मी फक्त कर्ता गाळला.

तू काय समजलीस ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हेही लिहितो. तुझा चेहरा उतरला आणि तू म्हणालीस, “असं होय. मग काय इलाज.” मी आमटी वाढून घेतली.

तू त्या तिघींना सांगितलंस, आमचे पैसे मार्चपर्यंत अडकलेत. आठ दिवसांत मशीन सुरतेच्या व्यापाऱ्यानं उचलली. पुढे तू पासबुक भरायला बँकेत गेलीस आणि तिथल्या पोरीनं सहज सांगितलं, मोडते की काकू, थोडं व्याज जातं फक्त. तू घरी येऊन पासबुक टेबलावर ठेवलंस. उभ्याउभ्या विचारलंस, “तुमच्या वाक्यातला कर्ता कुठे गेला?”

नलिनी, मला ते विनोदी वाटलं. सत्तावीस वर्षांत माझ्या शास्त्रातला प्रश्न तू मला पहिल्यांदा विचारलास, आणि तो इतका अचूक, की मी हसलो. तू हसली नाहीस. “खोटं तुम्ही बोललात, पण तीन बायकांना ते मी माझ्या तोंडानं सांगून आले,” असं म्हणून तू आत गेलीस. तिसऱ्या दिवशी वापीहून गाडीत बसलीस.

माझ्या बाजूनं एवढंच. आपल्याला मूलबाळ नाही. माझ्या नोकरीला पेन्शन नाही. ती ठेव म्हणजे पुढची सोय, असं मी धरून चाललो. तू एकदा म्हणाली होतीस, “पुढे म्हणजे कधी?” संस्कृतात भविष्यकाळ दोन आहेत. त्यातला एक अनद्यतन, म्हणजे खास आज सोडून पुढच्या दिवसांसाठी, आजचं काही त्यात बसतच नाही. त्याचं नाव लुट्. मी तुला हे कौतुकानं सांगितलं, तर तू म्हणालीस, नाव बरोबर ठेवलंय.

जयवंत


४ ऑक्टोबर

नलिनी,

दसरा झाला. आपट्याची पानं दारात आणून दिली कोणीतरी, ती फुलदाणीत ठेवली आहेत. नवनाथानं झेंडू स्वस्त लावला होता तरी पडून राहिला. मी दोन हार घेतले. एक दाराला लावला, दुसरा कुठे लावायचा ते घेतल्यावर सुचेना, तेव्हा तोही दारालाच लावला.

दुधाचा रतीब बंद केला. चहा बिनदुधाचा घेतो, लिंबू पिळून. पहिले आठ दिवस तो काढ्यासारखा लागतो, मग चहासारखा लागतो. भागतं.

बुधवारी सकाळी दमणगंगेच्या पुलापर्यंत चालत गेलो होतो. पाणी भरपूर आहे. शाळेला सुट्टी होती.

भिमाबाई आली होती. दारातच उभी राहिली. “बाई कधी येल?” मी म्हणालो, येईल. “कधी?” मी म्हणालो, दिवाळीच्या सुमारास. हे मी आपल्या मनानं सांगितलं, राग मानू नकोस. ती हल्ली प्लास्टिकच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आठवड्यातले तीन दिवस जाते, उरलेले दिवस गवत कापून विकते. जाताना तिनं घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, “मास्तर, घरात आवाजच नाय काय.”

मीही मग ऐकून पाहिलं. खरंच नाही.

शाळेचं ठीक आहे.

जयवंत


२५ ऑक्टोबर

सौ. नलिनी हिस,

अभियुक्त निर्दोष. फिर्यादी तोंड लपवून उभा आहे.

भाऊबीजेच्या दिवशी तुझा दुसरा निरोप आला: ‘माळ्यावर बघितलंत का.’ प्रश्नचिन्ह नाही. पावणेदोन महिने ते वाक्य तू पोटात ठेवलंस, की हा माणूस आपणहून कधी बघतो ते पाहू. मी बघितलं नाही. मी मीमांसा केली.

त्याच दिवशी स्टूल घेऊन चढलो. माळ्यावर, मोठ्या पातेल्यात, तुझी विळी. पात्याला खोबरेल लावलेलं. पावसात गंजू नये म्हणून. मी भांडी ओली ठेवतो हे तुला माहीत, आणि मला तिकडे चढता येतं हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. चिडून घर सोडणारी बाई जाण्याआधी विळीला तेल लावते, हे माझ्या कुठल्याच प्रमाणात बसत नव्हतं.

ती कापडात गुंडाळलेली होती. मला वाटलं जुनी उशीची खोळ. उलगडलं तर आमच्या शाळेचा पिनाफोर. मुलींचा, निळा, तिसरीच्या मापाचा. नवा कोरा, कोणी न घातलेला. पट्ट्याला दुहेरी शिवण, खिशाच्या तोंडाशी टाके बांधलेले, खाली तीन बोटं दुमड, म्हणजे पोर वाढली की सोडता येईल. गळ्याच्या आतून खडूनं तुझ्या अक्षरात ‘नमुना’.

तू हा मला दाखवायला शिवला होतास ना? मे महिन्यात, माझ्याशी बोलण्याआधी? मी इतक्या चटकन नाही म्हणालो की तो पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.

मी रोज त्याच गणवेशातल्या पंचवीस मुली बघत आलो. त्यांच्या दुमडी दुसऱ्याच महिन्यात उसवतात आणि त्या स्टेपलर मारून येतात. मला वाटायचं गणवेश असाच असतो.

नारळ आणला. खवला. अंगठ्याला लागलं, फार नाही. आमटीत घातला. एका माणसाला अर्धी वाटी पुष्कळ होते. दुसरी वाटी फ्रीजमध्ये ठेवली होती, आज तिचा वास आला. हे मला आधी कधी कळलं नव्हतं की नारळ एकट्यासाठी केलेला नसतो.

आता एक. मागच्या पत्रात ‘शाळेचं ठीक आहे’ असं लिहिलं होतं. तू कर्ता शोधला असशीलच. सरळ लिहितो. कारखान्यांतली माणसं घरं सोडून गावी गेली, मुलांचे दाखले नेले. आठवी-नववी मिळून संस्कृत घेणारी अकरा मुलं उरली. जुलैत माझे तास निम्मे झाले आणि पगारही. म्हणून मी दोनला घरी असायचो. एक ऑक्टोबरपासून विषय तूर्त स्थगित आहे. मुख्याध्यापक चांगला माणूस आहे, सांगताना त्याला पाणी प्यावं लागलं. ‘पट वाढला की बोलावू, सर.’ म्हणजे मला ब्रेक दिला आहे. पुलावर गेलो त्या बुधवारी शाळेला सुट्टी नव्हती. मला होती.

हे कोणालाच सांगितलं नाही. नवनाथासमोरून अजून साडेसातला डबा घेऊन जातो. डबा नदीवर खातो.

तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, बघा, ठेव ठेवली ते बरं झालं. किंवा म्हणाली नसतीस. दोन्हीची मला धास्ती होती.

जयवंत


९ नोव्हेंबर

नलिनी,

काल गलोंड्याला गेलो होतो. तुझ्या मैत्रिणींना खरं काय ते सांगायला. हे काम जूनमध्येच करायला हवं होतं. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. कर्ता पहिला, मग बाकीचं. ‘मी बाईंना फसवलं. बाईंनी तुम्हाला फसवलं नाही.’ मुलांना मी नेहमी सांगत आलो, अन्वय आधी लावा म्हणजे वाचताना अडखळत नाही.

भिमाबाई अंगणात गवताच्या पेंड्या बांधत होती. बाकीच्या दोघी कामावर होत्या. मी उभ्यानंच वाक्य म्हटलं. अडखळलो.

ती पेंडी बांधत राहिली. मग म्हणाली, “आमाला ठावं हाय मास्तर.”

“काय ठाऊक आहे?”

“बाई गेली ना गावाला, त्याच्या आदल्या दिशी आली व्हती इथं. बसली, रडली जरा. बोलली, ठेव मोडते, पण मास्तर भितो. त्याला कोणी काय बोलू नका.”

मी विचारलं, खोटं बोलला असं नाही म्हणाली?

“नाय. भितो, असंच बोलली.” मग तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हसली. “भिते तर आमीपन. पन आमच्याकं ठेवायला काय नाय, मंग भिऊन काय करू?”

तिनं पाणी दिलं. कालवण-भाकरी खा म्हणाली. मी खाल्ली. जून महिन्यानंतर दुसऱ्यानं वाढलेलं पहिलंच जेवण होतं ते. तिखट होतं, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी चाललं.

नंतर कारखान्याकडे वळलो. काही ठरवून नव्हे. फाटकाशी सुकदेव आहे अजून, तुमचा शिरपूरकडचा वॉचमन. कारखाना बंद, तरी त्याचा पगार चालू, कारण बंद कारखान्यालाही राखण लागते. मला म्हणाला, “तुम्ही नलिनीबाईंचे मिस्टर ना? बाई कशा आहे?” मी म्हणालो, बऱ्या असाव्यात. त्याला हे उत्तर चमत्कारिक वाटलं असणार.

“मशीन सगळी गेली का?”

“सर्व माल सुरतला गेयेल आहे, सर. दोन पडेल आहे आत. मोटर जळेल आहे त्यांची, व्यापारी बोलला नको. शेठ बोलतो भंगारमधी देऊन टाक.”

“भंगारात किती?”

“तुम्हाला काय करायचं सर भंगार?”

मी म्हणालो, बघायचं आहे. त्यानं कुलूप काढलं. एवढा मोठा हॉल रिकामा, आणि कोपऱ्यात दोन मशीन शेजारीशेजारी. एकीच्या डब्यात अजून निळा दोरा होता. सुकदेव फुंकर मारून धूळ उडवत म्हणाला, “ही इकडची बाईंनी चांगली ठेवेल होती. त्या बोलायच्या, हिचा टाका सरळ पडतो.”

त्याला माझा नंबर देऊन आलो. पिनाफोर पिशवीत होता. कोणाला दाखवला नाही.

तुझा निरोप नाही बरेच दिवस. पत्रं मिळाली एवढं कळव. दोन शब्द पुरेत. एकही पुरेल.

जयवंत


१७ नोव्हेंबर

नलिनी,

हे पत्र स्पीड पोस्टानं येतं आहे. खिडकीतल्या माणसानं विचारलं, अर्जंट आहे का. मी हो म्हणालो आणि पैसे दिले. आश्चर्य तुला वाटेल तेवढंच मलाही वाटलं.

ठेव मी मोडली.

सगळी. सहा लाख चाळीस हजार. आता पैसे आपल्या दोघांच्या खात्यात आहेत, ज्याला लागतील त्यानं काढावेत, सही एकाचीच पुरते. कार्ड या पाकिटात आहे. बँकेतली तीच पोरगी होती. म्हणाली, काका, मार्चपर्यंत थांबलात तर व्याज वाचेल. मी तिला सांगितलं, मार्च हा अनद्यतन आहे. तिनं कुठल्यातरी चौकटीत बरोबरची खूण केली.

दोन्ही मशीन आणली. सुकदेवानं टेम्पो करून दिला, शेठशी फोनवर भावही तोच करत होता, मी शेजारी उभा राहून नको तिथे धन्यवाद म्हणत होतो. मोटर भरायला टाकल्या आहेत, पंधरा दिवस लागतील. भाडं, मोटर, सगळं धरून एकवीस हजार. तू म्हणाली होतीस तेव्हा याहून चांगल्या चार मिळत होत्या छत्तीस हजाराला, हे मला माहीत आहे. मी चुकीच्या वेळी साठवले आणि आता बहुधा चुकीच्या वेळी खर्च करतो आहे. गणवेश घेणारी पोरंच कमी झाली आहेत. मुख्याध्यापकांना पिनाफोर दाखवला. त्यांनी दुमड उलटून पाहिली, शिवण दोन्ही हातांनी ताणली, आणि म्हणाले, जूनसाठी ऐंशी तरी लागतील, बाईंना भेटायला सांगा. मी बाईंना सांगतो आहे. शब्द मी दिलेला नाही, तो तुझा आहे.

नवनाथानं मशीन वर चढवताना पाहिली. “सर, दुकान टाकताय?” मी त्याला नोकरीचं सांगितलं. तो म्हणाला, “ते माहीतच आहे ना सर. तुम्ही शाळेच्या रस्त्यानं जाता आणि नदीच्या रस्त्यानं येता.” मग त्यानं माझ्या पिशवीत अर्धा लिटर दूध टाकलं आणि पैसे घेतले. उधार देत नाही मी, म्हणाला, तुम्हाला अपमान वाटेल.

मशीन बाहेरच्या खोलीत आहेत. जागा बरीच गेली, माझी खुर्ची आता बाल्कनीत आहे. तुझी जी, ती खिडकीशी ठेवली आहे. डाव्या हाताला उजेड येईल. निळा दोरा काढला नाही.

यासाठी तू ये, असं माझं म्हणणं नाही. भिमाबाई चालवेल, तिला येतं. तू चिपळूणला राहून दर महिन्याला पैसे घेतलेस तरी ते तुझेच आहेत.

उरलेल्याचा अंदाज काढला. घरभाडं आणि एका माणसाचं जेवण धरलं तर तीन वर्षं जातात. दोन माणसांचं धरलं तर दोन. मी दोन वर्षांचा कागद ठेवला, दुसरा टाकून दिला.

आता तू भिमाबाईला जे सांगितलंस त्याबद्दल. मास्तर भितो. बरोबर आहे. कशाला भितो ते तू तिला सांगितलं नाहीस, कारण मीच तुला कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी म्हणत आलो, म्हातारपणाला, आजारपणाला. ते खरंच आहे, अजूनही भितो. पैशाची काळजी नाही असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. पण गेल्या आठवड्यात एक निराळंच झालं, ते लिहितो आणि थांबतो.

या पाच महिन्यांत मी वर्तमानपत्रावाचून राहायला शिकलो, दुधावाचून शिकलो, ओल्या नारळावाचून शिकलो, शाळेवाचूनही जवळजवळ शिकलो. प्रत्येक वेळी पहिले आठ दिवस जड जातात, मग काही वाटत नाही. या कामात मी हुशार आहे. गेला मंगळवार पूर्ण दिवस मला तुझी आठवण आली नाही. हे मला बुधवारी चहा गाळताना कळलं. गाळणं हातात तसंच धरून मी उभा राहिलो.

मला तुझ्यावाचूनही भागेल, याची मला भीती वाटते.

जयवंत